पडद्यापलीकडचा सुईवाला

संपादकांचं पत्र आलं, 'सेवेतले अनुभव लिहून पाठवा.' सेवा हा शब्द मला जरा जड जातो. मी नोकरी केली. अमरावतीच्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या वॉर्डात, नर्स म्हणून. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मोठे हुकूम नागपूरहून यायचे आणि पेशंट दर्यापूर, तिवसा, अकोला अशा चहूकडून. हुकूम उशिरा यायचे, पेशंट त्याहून उशिरा. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर एवढंच होतं: माणसांना हलू द्यायचं नाही.

आजच्या नर्सना हे सांगितलं की त्या हसतात. आता मोतीबिंदू काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चहा पीत बसतो. आमच्या काळी तसं नव्हतं. डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे, वाटाण्याएवढं पण चपटं असं एक स्वच्छ भिंग असतं. वय झालं की ते हळूहळू दुधी होत जातं. तोच मोतीबिंदू. आमचे डॉक्टरसाहेब कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करत, पातळ सुरीनं बुबुळाच्या वरच्या कडेला चीर देत आणि ते दुधी भिंग अलगद बाहेर काढत. सगळं काम पाव तासाचं. पण त्या चिरेला टाका नसायचा. ती आपली आपण जुळून यायची, आणि तोवर डोळ्यावर जरासा जोर पडला तरी चीर उघडून आतलं बाहेर यायचं. म्हणून दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठवडाभर उताणं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला आठ दिवस भाकर नाही, ठेचा नाही, तंबाखू नाही आणि वर गप्पाही नाहीत, असं सांगून पाहा. डॉक्टरसाहेब पुण्याचे. "आजोबा, कृपा करून हलू नका हं," असं ते म्हणत. आजोबांना वाटे, साहेब विनंतीच करताहेत, म्हणजे बाब काही फार महत्त्वाची नसावी. मग मी जाऊन सांगायची, "बुढेबुवा, हाललेत तं डोया जाईन." मी अकोल्यात वाढलेली, दाईची मुलगी. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो, आणि खरं ते तोंडावर बोललं जातं. पहिल्या वर्षी साहेबांना वाटायचं, मी पेशंटांना धमकावते. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच म्हणू लागले, "सिस्टर, यांना तुमच्या भाषेत सांगा."

अकोल्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी पट्टीबांधल्या डोळ्यांनी कमरेच्या घडीतून तपकिरीची डबी काढली आणि चिमूट नाकापाशी नेली. ओरडायला वेळ नव्हता. मी त्यांच्या हातावर जोरानं फुंकर मारली. तपकीर उडाली आणि सगळी माझ्याच नाकात गेली. मी शिंकत सुटले ती थांबेच ना. मास्तर उताणे पडल्या पडल्या गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, तुमची प्रकृती बरी दिसत नाही. रजा घ्या."

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. बडनेऱ्याचा एक रेल्वेतला माणूस बायकोला दाखवायला आला होता. बोलता बोलता मला म्हणाला, "बाई, दिव्याभोवती मले इंद्रधनुष्यासारखं कडं दिसते." मी म्हटलं, "मंग मजा हाये तुमची!" आणि औषधाची बाटली त्याच्या बायकोच्या हातात दिली. काही महिन्यांनी तो स्वतःसाठी आला तेव्हा त्याला फक्त समोरचं, नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. तो काचबिंदू होता. त्यात डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि मागची शीर सुकते. मोतीबिंदूत गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. साहेबांनी उरलेली तेवढी वाचवली. त्यानंतर माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक माणसाला, कान दुखतो म्हणून आलेल्यालासुद्धा, मी विचारत आले, दिव्याभोवती कडं दिसतं का. पण त्यानं आपणहून सांगितलं तेव्हा ते साहेबांना सांगायचं राहून गेलं, ते गेलंच.

मला सविस्तर सांगायची आहे ती गोष्ट मात्र कासाबाईची.

कासाबाई तिवस्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. माळीण. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात नेऊन विकायची. पावसाळा सरल्यावर एका सकाळी सून शेवंता तिचा हात धरून तिला घेऊन आली. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. उजवा डोळा आक्रसून आत गेलेला, सुकलेल्या बोरासारखा.

"हा कसा गेला?" साहेबांनी विचारलं.

"गेला नाई साहेब, नेला," कासाबाई म्हणाली. "सुईवाल्यानं नेला."

सुईवाले तेव्हा बाजारोबाजार फिरत. मोतीबिंदू झालेल्या माणसाला झाडाखाली बसवत आणि डोळ्याच्या कडेनं सुई घालून ते दुधी भिंग आतल्या आत खाली पाडत. भिंग खाली गेलं की माणसाला तिथल्या तिथं दिसू लागे. भोवती जमलेल्या लोकांना वाटे, चमत्कार झाला. पण भिंग बाहेर निघालेलं नसे. ते आत पडून राही, आणि सुई तर धोतरालाच पुसलेली असे. मग काही दिवसांत डोळा लाल व्हायचा, ठणकायचा आणि कायमचा विझायचा. तोवर सुईवाला चार बाजार पुढे गेलेला असे.

"धा दिवस दिसलं मले," कासाबाई म्हणाली. "नातीचं तोंड पाह्यलं. मंग असा ठनका लागला का मी मातीत लोयली. आता हा एकच उरला साहेब. हा गेला तं मी मेथी अन् गवत कसं निवडू?"

साहेबांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि मग मी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. ती तयार झाली.

त्याच आठवड्यात अकोल्याकडून एक म्हातारा एकटाच आला. नाव सांगितलं पुंजाजी. बाजारात आरसे-कंगवे विकतो म्हणाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दारात थडकत थडकत आत आलेला. साहेब तपासत असताना त्यानं विचारलं, "साहेब, तुमी शिरता कोठून? पांढऱ्यातून का काय्याच्या कडेनं?"

साहेब थबकले. इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं त्यांना हे विचारलं नव्हतं. "का हो?"

"असंच इचारलं," तो म्हणाला.

दोघांची ऑपरेशनं एकाच सकाळी झाली, दोघांचाही एकेक डोळा. टेबलावर पुंजाजी इतका निश्चल होता की साहेब नंतर म्हणाले, असा पेशंट मी पाहिला नाही. मी त्याच्या उशाशी उभी होते. त्याचे ओठ हलत होते. आकडे मोजत होता.

दवाखान्याच्या डागडुजीमुळे त्या महिन्यात बायका आणि पुरुष एकाच लांब खोलीत होते, मध्ये जाड कापडाचा पडदा. पडद्याच्या अलीकडची शेवटची खाट कासाबाईची. पलीकडची पहिली पुंजाजीची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजीच्या शेजारच्या खाटेवरचा एक शेतकरी, ज्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, घाबरून देवाचा धावा करू लागला. पुंजाजीनं पडल्या पडल्या त्याला हळूच सांगितलं, "भिऊ नको भाऊ. मनात देव आठव अन् धा आकडे मोज. धाव्या आकड्याले उजेड."

मी पडद्याच्या अलीकडे कासाबाईला लापशी भरवत होते. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "कपड्याच्या पलीकडं कोन हाये?"

"एक बुढेबुवा हायेत. तुमच्यासारखेच."

"आवाज वळखीचा हाये. हे धा मोजनं मले ठाऊक हाये. यानंच मले धा मोजाले लावले होते. मी सातवर गेली अन् यानं सुई खुपसली." आणि तिनं वाळूच्या पिशवीला हात घातला. "थांब, पाह्यतेच त्याले!"

डोळ्यांना पट्टी, तीन दिवसांची ओली चीर, आणि बाई वाळूची पिशवी घेऊन उठायला निघालेली. मी लापशीची वाटी टाकली आणि तिचे दोन्ही खांदे खाटेला दाबून धरले. एरवी मी तिला 'तुमी' म्हणायची. त्या क्षणी 'तू'च निघालं. "कासाबाई, उठलीस तं हाही डोया त्यानंच नेला म्हनून समज!"

ती थांबली. तिच्या हातातली पिशवी खाटेवर पडली. छातीचा भाता चाललेला, पण मान जागची हलली नाही.

तेवढ्यात पलीकडून खाट करकरली. पुंजाजी उठून बसायला पाहत होता. मी पडदा बाजूला करून धावले. "मले जाऊ दे बाई," तो म्हणाला. "मले जाऊ दे. थे मले मारून टाकीन."

"निजा आधी! तुमी चालले तं तुमाले मारायची गरज नाई पडायची, डोया वाटेतच सांडीन."

तो निजला. आता माझा एक हात पडद्याच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. मी तशीच उभी राहून डॉक्टरसाहेबांच्या नावानं हाका मारल्या.

साहेब आले. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. सुईवाल्यांनी बिघडवलेले डोळे त्यांनी इतके पाहिले होते की सुईवाला हा शब्द निघाला तरी त्यांना जेवण जात नसे. आणि आता तोच त्यांच्या हातचं ऑपरेशन करून घेऊन निजला होता. ते पुंजाजीपाशी जाऊन उभे राहिले.

"खरं आहे का?"

"हो साहेब."

साहेबांनी वाकून त्याची पट्टी जागच्या जागी आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघेन. आत्ता तुम्ही माझे पेशंट आहात. हलायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'कृपा करून' म्हटलं नाही.

खाट हलवावी तर दोघांपैकी एकाला धक्का लागणार. म्हणून दोघंही होते तिथंच राहिले, मध्ये फक्त कापड. उरले पाच दिवस.

कासाबाईला शिव्या द्यायच्या होत्या. मी विचार केला, हिला अडवलं तर ही रडेल, आणि रडण्यापेक्षा शिव्या परवडल्या. मी तिला परवानगी दिली, पण जबडा हलवायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. मग ती दात मिटून, अगदी हळू आवाजात, एकेक शिवी निवडून निवडून देऊ लागली, जशी मेथीची जुडी निवडावी. पलीकडून 'हो माय', 'हो माय' एवढंच येई. वॉर्डातले बाकीचे पेशंट कान देऊन ऐकत. हसायची बंदी असल्यामुळे त्यांचे फार हाल झाले.

दोन दिवसांनी शिव्या संपल्या आणि प्रश्न सुरू झाले.

"कोनं शिकवलं तुले हे?"

"बापानं. त्याले त्याच्या बापानं."

"डोये सडतात हे तुले मालूम नोतं?"

"बाप सांगे, मांगं फिरून पाह्याचं नाई. एका गावात दोन वर्सं परत जायाचं नाई. म्या कधी इचारलं नाई, काहून."

"म्हंजे मालूम होतं."

"अर्धं मालूम होतं माय. बाकीचं अर्धं मालूम करून घेतलं नाई."

कासाबाई विचार करत राहिली. मी तिच्या पायाशी पट्ट्या गुंडाळत बसले होते. मग तिनं विचारलं, "तुया भाऊ हाये का? त्याच धंद्यात?"

"हाये."

"मंग सोताच्या डोयात भावाकून सुई काहून नाई घालून घेतली? अथी साहेबाकडं काहून आला?"

उत्तराऐवजी पलीकडून एक विचित्र आवाज येऊ लागला. मी पट्ट्या टाकून धावले. पुंजाजी ओठ दाबून हुंदके आवरत होता. "रडू नका," मी म्हटलं, "बुढेबुवा, रडू नका, सगयं वाया जाईन." पण माझं ऐकण्याच्या पलीकडे तो गेला होता.

तेव्हा पडद्याआडून कासाबाईचा आवाज आला, पहिल्यांदाच थोडा चढलेला. "ए बुढ्या! रडू नको! डोया जाईन ना तुया!"

तो थांबला. एकदम थांबला. मी दोन्हीकडचं ऐकत पडद्याला धरून उभी राहिले. रडायची बंदी फक्त पेशंटना होती, म्हणून मी थोडी रडून घेतली.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. शेवंता सासूपाशी राहत होती. तिला सहावा महिना होता. दिवेलागणीच्या सुमारास ती पाण्याचा तांब्या घेऊन येताना खाटांना अडखळायची, भिंत चाचपायची. दिवसा तिला सगळं छान दिसे. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही जेवता काय?"

"भाकर अन् मिरची."

"भाजी?"

"भाजी इकतो ना साहेब."

मळाभर मेथी, पालक, शेपू पिकवणाऱ्या घरातल्या सुनेला पालेभाजी न खाल्ल्यामुळे रातांधळं झालं होतं! साहेबांनी तिला माशाच्या तेलाची बाटली दिली आणि रोज एक जुडी भाजी स्वतः खायला सांगितली. तेल ती नाक दाबून प्यायची. पंधरवड्यात तिचं अडखळणं थांबलं. साहेबांनी हे सांगितलं तेव्हाच कासाबाई पट्टीआडून म्हणाली होती, "म्हंजे आमी लोकाईचे डोये चांगले करून राह्यलो होतो!"

पट्ट्या उघडायचा दिवस आला. आधी कासाबाई. साहेबांनी पट्टी काढली, तिच्या डोळ्यासमोर आमच्या डब्यातला तात्पुरता जाड चष्मा धरला आणि बोटं दाखवली. "किती?"

"तीन." मग तिनं बोटं सोडून माझ्याकडं पाहिलं. आठ दिवस तिनं माझा नुसता आवाज ऐकला होता. "मायबाई," ती म्हणाली, "तू एवढी कायी हायेस!"

पडद्यापलीकडं पुंजाजीलाही दिसलं. त्यानं नुसते हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

"मले त्याले पाह्याचं हाये," कासाबाई म्हणाली.

साहेब मला म्हणाले, "वाळूच्या पिशव्या आधी उचलून ठेवा." मग मी पडदा सारला. कासाबाई चष्मा धरून त्याच्याकडं पाहत राहिली. दात पडलेला, गालफडं बसलेला, तिच्याच वयाचा म्हातारा. इतकी वर्षं तिनं मनात कोण उभा केला होता कोणास ठाऊक.

"म्या तुले माफ नाई केलं," ती म्हणाली. "हे ध्यानात ठेव. आता सांग, कोन्या कोन्या गावात सुई चालवली?"

साहेबांनी पोलिसांचा विषय काढला होता. कासाबाईनं तो उडवून लावला. "याले कोठडीत टाकलं तं गावं कोन सांगीन? माया एक डोया गेला, एक वाचला. तशी अजून मानसं असतीन ना, एक डोया उरलेली?"

साहेब तिच्याकडं पाहतच राहिले. इतकी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात आली नव्हती. मी कागद घेतला. पुंजाजी गावं सांगत गेला, मी लिहीत गेले. कागदाची दुसरी बाजूही भरली.

दीड महिन्यानं, दोघांना कायमचे चष्मे मिळाल्यावर, साहेब, मी आणि पुंजाजी दर्यापूरकडं निघालो. बरोबर कासाबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती डोक्यावर पाटी घेऊन मोटारीत येऊन बसली.

तिचं येणं किती गरजेचं होतं ते पहिल्याच गावात कळलं. साहेबांनी देवळापाशी लोक जमवले आणि पुंजाजीनं पुढं होऊन सांगितलं, आपण कोण ते. दोन माणसं काठ्या घेऊन उठली. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलू लागले. घाबरले की ते इंग्रजी बोलत. तेवढ्यात कासाबाई मध्ये येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, जाड चष्म्याआड एक डोळा हा एवढा मोठा दिसतोय.

"याले माराचं हाये? मारा. पन आधी मले इचारा. पैला हक्क माया हाये, अन् म्या अजून मारलं नाई. त्याच्याआधी आपल्या बुढ्या मानसाईले अथी आना, साहेबाले डोये दाखवा. मंग पाहू."

काठ्या खाली झाल्या. संध्याकाळपर्यंत साहेबांनी गावातले सगळे म्हातारे तपासले. एका डोळ्याची सहा माणसं दवाखान्यात येण्यासाठी मोटारीत बसली. पुढच्या खेपांना बाकीच्या गावांतही असंच होत गेलं. कासाबाई प्रत्येक ठिकाणी आपला हक्क सांगायची आणि प्रत्येक ठिकाणी तो राखून ठेवायची.

शेवटचं गाव दर्यापूरजवळचं. तिथं एका शेतकऱ्याचे दोन्ही डोळे पुंजाजीच्या सुईनं गेले होते. नाव तुकाराम. तो ओसरीवर बसला होता. साहेबांनी तपासलं आणि मान हलवली. तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुंजाजी त्याच्यापुढं जमिनीवर बसला. "म्याच थो," एवढंच बोलला.

तुकारामबुवांनी हात पुढं केला. आम्हाला वाटलं, आता मारणार. पण त्यांनी त्याचा चेहरा चाचपला. बोटं चष्म्याला लागली.

"हे काय?"

"चष्मा."

"दिसते तुले?"

"दिसते."

या ओसरीवर कासाबाईनं आपला हक्क सांगितला नाही. तुकारामबुवा भिंत चाचपत उठले आणि म्हणाले, "मंग चाल. माया कपाशीले यंदा बोंडं कशी लागली ते मले पाहून सांग. घरातले सांगतात, चांगली हायेत. मले त्याईच्यावर भरोसा नाई."

पुंजाजीनं त्यांचा हात धरला आणि दोघं शेताच्या वाटेला लागले. आम्ही बांधापाशी थांबलो. ऊन उतरत चाललं, मोटारवाला कुरकुरू लागला, तरी दोघे कपाशीच्या ओळीओळीतून फिरतच होते, प्रत्येक झाडापाशी थांबत. परत येताना त्यांचं भांडण लांबूनच ऐकू आलं. भिंग काढलेल्या डोळ्याला त्या जाड काचेतून सगळं असतं त्याहून मोठं दिसतं, हे साहेबांनी पुंजाजीला सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

"म्या सांगून राह्यलो ना, लिंबाएवढं हाये!"

"अन् म्या हातानं पाह्यलं ना! लिंबाएवढं कोठी हाये? तुले धड पाहाताच येत नाई. उद्या सकायी पुन्हा ये, अख्खं वावर पाह्याचं हाये."

पुंजाजी त्या दिवशी आमच्याबरोबर परतला नाही.